उलटा एस

रात्रपाळी उरकून क्रांती घरी पोचली तेव्हा पावणेआठ वाजले होते. नवरा ओट्यावर तयार होऊन बसला होता. पायात चप्पल, हातात काठी, खिशात व्हॅनची किल्ली.

"चहा तरी घेतो की," ती म्हणाली.

"परीक्षा उद्या हाय. चहा परत." आकारामनं किल्ली पुढं केली.

आकारामनं सव्वीस वर्षं शाळेची पोरं या व्हॅननं ने-आण केली होती. गेल्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. काठीवर चालण्याइतका तो सावरला, पण हात-पाय गाडी चालवण्याजोगे राहिले नाहीत. ओळखीतला सयाजी व्हॅन विकत घ्यायला आला तेव्हा आकारामनं त्याला सरळ सांगितलं, "गाडी विकायची न्हाय. क्रांती चालवंल." क्रांतीला कुणी विचारलंच नव्हतं. पण घरची गाडी तिलाही हवीच होती, कारण व्यायामाच्या दवाखान्यात न्यायला त्याला रिक्षात चढवता-उतरवता तिचे खांदे भरून येत होते.

लायसनच्या परीक्षेत आतापर्यंत ती दोनदा नापास झाली होती. पहिल्या खेपेला आठचा आकडा काढताना गाडी तीनदा बंद पडली. दुसऱ्या खेपेला आठ जमला, पण उलटा एस, म्हणजे एसच्या वळणानं गाडी रिव्हर्समध्ये काढताना दोन खांब पडले. उद्या तिसरी खेप.

एल लावलेली व्हॅन हळूहळू हाकत ती कळंब्याच्या पुढच्या मोकळ्या प्लॉटवर आली. कडेला पडलेल्या विटा तिनंच उचलून आणल्या. आकाराम डावीकडच्या सीटवर बसून काठीनं दाखवत होता, ही हितं, ती तितं. चौदा विटा उभ्या करून होईपर्यंत तिची कंबर बोलायला लागली.

"हां, घाल रिव्हर्स. डावं घे. डावं! डावं म्हणलं की डावं! आता सोड. सोड की!"

वीट पडली. ती उतरली, वीट उभी केली, पुन्हा बसली. पुन्हा तेच. चौथ्या वेळी चाकाखाली वीट फुटल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं इंजिन बंद केलं.

"सयाजी भावजींना फोन लावा. न्हेऊ दे त्यांना गाडी."

आकारामनं काठी मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाला, "उतर."

"का?"

"उतर म्हणतोय न्हवं. मी दावतो तुला."

त्याला अडवायला हवं होतं. बावीस वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईला हे का कळत नव्हतं? पण त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला उचलणं तिला सोपं वाटलं. काखेत हात घालून तिनं त्याला गाडीला वळसा घालून आणलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

त्यानं किल्ली फिरवली. मग उजव्या हातानं डावा पाय उचलून क्लचवर ठेवला. पाय घसरला. त्यानं तो पुन्हा उचलला आणि गुडघ्यावर कोपर दाबून जोर केला, तसाच तिरका होऊन त्याच हातानं गिअर टाकला. व्हॅननं एक हिसका दिला आणि बंद पडली.

पलीकडच्या शेडमध्ये म्हशी धुवायचं चाललं होतं, तिथून बादल्यांचा आवाज येत होता.

"मला वाटलंतं," आकाराम स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "एकदा हितं बसलो की पाय आपसूक चालंल."

रात्रभर तिनं वॉर्डात सगळ्यांना धीर दिला होता. आता तिच्याकडं कुणाला द्यायला शब्द उरले नव्हते. तिनं बाटली उघडून त्याच्या हातात दिली. तो पाणी प्याला. मग तिनं त्याला पुन्हा डावीकडच्या सीटवर आणून बसवलं आणि फुटलेल्या विटेच्या जागी दुसरी वीट उभी केली.

"आता तुमी बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "निस्तं बघा."

तो खरंच गप्प बसला. त्या शांततेत तिला वॉर्डातलं स्ट्रेचर आठवलं. अरुंद बोळातून ते मागं ओढताना ती कधी डावं-उजवं म्हणत बसली नव्हती. मागची चाकं कुठं चाललीत एवढंच बघायची आणि हात आपोआप वळायचे. तिनं आरशात मागच्या विटेवर नजर ठेवली आणि क्लच थोडा थोडा सोडला. पहिल्या फेरीत एक वीट हलली. तिसऱ्या फेरीत चौदाच्या चौदा उभ्या राहिल्या.

"व्हय," आकाराम एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही ती पाळीवरून घरी येऊन, न झोपताच आकारामला व्हॅनमध्ये घेऊन परीक्षेला आली, सुट्टी मिळाली नव्हती. तपासणाऱ्या मॅडम वयानं लहान होत्या. "मावशी, गडबड करू नका," त्यांनी बजावलं. आठ निघाला. उलट्या एसमध्ये निम्म्यावर तिनं गाडी थांबवली. तारेच्या कुंपणापलीकडच्या बाकावर आकारामचे ओठ हलत होते, पण त्यानं आवाज काढला नाही. तिनं एक श्वास घेतला, आरसा बघितला आणि गाडी बाहेर काढली. खांब जागच्या जागी होते.

"पास. पुढचं कोण?" मॅडमनी कागदावर खूण केली.

तिला वाटलं होतं, खूप आनंद होईल. नुसती झोप येत होती.

"मधीच थांबलीस कशाला?" गाडीत बसल्यावर आकारामनं विचारलं.

"दमलोतो."

वाटेत रंकाळ्याच्या गर्दीतही त्यानं एकदासुद्धा डावं-उजवं केलं नाही. मंगळवार पेठेत बोळाच्या तोंडाशी तिनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून त्यावर कपाळ टेकलं.

"चारला तुमचा व्यायाम हाय," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पाचच मिनिटं थांबा, मग उतरू."

"झोप की. काय गडबड न्हाय."

ती क्षणात झोपली. हँडब्रेक ओढायचा राहून गेला होता. आकारामनं उजवा हात लांबवून, आवाज होऊ न देता, तो हळूच वर घेतला.