सतरा नंबरची पाती

दोन्ही पात्यांची उजवी बाजूच बोथट झाली होती, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

स्केटच्या पात्याला खालून दोन कडा असतात, एक आतली, एक बाहेरची, आणि मधे उथळ पन्हळ. दगडी चाकावर ती पन्हळ नीट काढून द्यायची, हे माझं काम. एकोणतीस वर्षं कॉलेजच्या आइस हॉकीच्या रिंकखालच्या या खोलीत मी तेच करते आहे. खेळाडू पाय मारतो तो आतल्या कडेवर, त्यामुळे दोन्ही पायांची आतली कड आधी जाते. डाव्याची थोडी जास्त, नाहीतर उजव्याची थोडी जास्त. पण बुधवारी सतरा नंबरच्या डाव्या पात्याची आतली कड गेली होती आणि उजव्या पात्याची बाहेरची. उजव्याची आतली मात्र मी मंगळवारी दिली होती तशीच, नखाचा पापुद्रा निघेल इतकी धारदार. पोरगा बर्फावर खेकड्यासारखा तिरका चालत असेल तरच असं होईल.

सतरा नंबर म्हणजे केलन रुओना. शेवटच्या वर्षाला, बचावफळीत, याच गावचा. त्याचा बाप वॉल्ट रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवतो. हिवाळ्यात वॉल्ट झोपतो कधी हे कुणाला माहीत नाही, पण केलनचा सामना त्याने चुकवलेला नाही. वरच्या मजल्यावर, जिथे इथून पुढे प्रोमध्ये, म्हणजे व्यावसायिक हॉकीत, गेलेल्यांचे फोटो लावलेत, तिथे नऊ फोटो आहेत आणि दहावा कोणाचा याबद्दल गावात मतभेद नव्हते.

माझा नवरा अर्ल म्हणतो, "तुला पगार धार लावायचा मिळतो, नाक खुपसायचा नाही." असेल. पण मला चैन पडत नाही. शेजारणीने पडदे का बदलले, पोस्टमन मंगळवारी उलट्या बाजूने का आला, हे कळेपर्यंत मला जेवण जात नाही, आणि इथे तर हातात पोलाद होतं.

बुधवारी घरी जाऊन मी बटाटे सोलता सोलता विचार करत बसले. दोन्ही पाती एका मापाची असतात. डाव्या स्केटचं पातं काढून उजव्यात बसवलं तरी चपखल बसतं. एक छोटा खटका ओढला की पातं हातात येतं. म्हणजे सरावाच्या मधल्या सुट्टीत कोणी पाती अदलाबदल करत असेल तर? अर्लला म्हटलं, "कोणी मुद्दाम असं का करेल?" तो म्हणाला, "बटाटा संपला, आता तू बोट सोलते आहेस."

गुरुवारी सकाळी मी नातीची लाल नेलपॉलिश आणली आणि डाव्या पात्याच्या टोकाला, प्लास्टिकच्या आत जे झाकलं जातं तिथे, एक ठिपका दिला. सराव संपल्यावर स्केट आले. ठिपका उजव्या स्केटमध्ये निघाला.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. कोडं सुटलं म्हणून मी एकटीच टाळी वाजवली. मग लक्षात आलं, हे केलनचंच काम, आणि राग आला. पोराला वाटलं होतं, झीज दोन्ही पात्यांत वाटून टाकली की म्हातारीला काही कळणार नाही. दोन्ही सारखी बोथट झाली की झालं. अरे, पण कड कोणती ते नाही का बघायचं? चार वर्षं माझ्या खोलीत बसून माझं कॉफीचं यंत्र रिकामं केलंस, आणि एवढं शिकला नाहीस?

शुक्रवारी मी दोन्ही खटक्यांवर गोंदाचा एकेक थेंब सोडला. मधल्या सुट्टीत वर जाऊन रिंकच्या काचेतून बघत उभी राहिले. केलन बाकावर वाकला, खटका ओढला, पुन्हा ओढला, दातांनी हातमोजा काढून परत ओढला. मग त्याने मान वर करून काचेकडे पाहिलं. मी हलले नाही. तोही ओरडला नाही. दुसरा कोणी असता तर "आर्डिस, तुझ्या हातांना झालंय काय!" म्हणत जिना दणाणून सोडला असता. केलन गुपचूप उठला आणि परत बर्फावर गेला.

त्या दिवशी गोंद खरवडल्यावर पाती निघाली ती साधीसरळ. डाव्याची आतली कड पार गेलेली, उजव्याची जशीच्या तशी. उजवा पाय तो मारतच नव्हता. बाकी चोवीस जणांची धार लावून झाली, सतरा नंबरची मी तशीच टेबलावर ठेवली आणि घरी गेले.

शनिवारी चारचा सामना. दीड वाजता डेल ऑस्टबर्ग आला.

डेल आता एका मोठ्या क्लबासाठी खेळाडू हेरत कॉलेजं पालथी घालतो. त्या नऊ फोटोंतला सहावा तो. वीस वर्षांपूर्वी त्याच्याही स्केटना मीच धार लावायची. जिना उतरताना तो ऐकू येतो. उजवा पाय टाकतो, मग थांबतो, मग डावा ओढतो. वय बेचाळीस. डॉक्टर म्हणतात, खुब्याचा सांधा पूर्ण गेलाय, पण कृत्रिम बसवायला अजून वय लहान आहे.

"अजून इथेच का गं तू?" तो दारातून म्हणाला. "मला वाटलं, यंत्रासकट पुरलं असेल तुला."

"तुला पोचवल्याशिवाय जाणार नाही. पाव आणलास?"

"आणलाय. वेलचीचाच. तुझ्यासमोर रिकाम्या हाताने कोण येईल?"

पाव कापला, कॉफी ओतली. त्याने दोन घास खाल्ले आणि माझी नजर चुकवत म्हणाला, "रुओनाची पाती दाखव ना."

मला माहीत होतं तो हे विचारणार. बाकीचे हेरणारे वर बसून दुर्बीण लावतात. हा आधी माझ्या टेबलाशी येतो, कारण पातं काय सांगतं हे त्याला माहीत आहे. पाती माझ्या हाताखाली फडक्यात गुंडाळलेली होती. चाकावर धरली असती तर अर्ध्या मिनिटात सगळं पुसलं गेलं असतं. आणि अर्ध्या मिनिटाचं काम मी पूर्वी एकदा केलेलं होतं.

"आधी माझा एक प्रश्न," मी म्हटलं. "तुझ्या शेवटच्या वर्षी तुझं डावं पातं झिजायचं थांबलं होतं. फेब्रुवारीपासून. मी बघितलं होतं, डेल. बघितलं, धार लावली आणि तुला परत दिलं. कोचला सांगितलं नाही. तुला ठाऊक होतं का?"

तो हसला. "ठाऊक होतं? मी रोज देवाचे आभार मानायचो की आर्डिस गप्प आहे."

"आणि नंतर?"

"नंतर प्रोमध्ये अकरा सामने खेळलो. अकरा, आर्डिस. एकेक आठवतो. कोणत्या मैदानात कुठला दिवा मिचमिचत होता ते सांगू शकतो." त्याने पावाचा तुकडा खाली ठेवला. "आता माझी पोरगी सात वर्षांची आहे. तिला माझ्याबरोबर बर्फावर यायचं असतं. मी फळीला धरून उभा राहतो आणि टाळ्या वाजवतो."

"मग तुला माझा राग येतो का? खरं सांग. वीस वर्षं मला हे विचारायचंय."

"तू सांगितलं असतंस तर तुझा गळाच धरला असता." त्याने कप बाजूला सारला. "पण एक सांगू? तू या गावात प्रत्येकाला सगळं विचारतेस. माझ्या आईला भर चर्चमध्ये विचारलं होतंस, कुत्र्याचं पोट सुधारलं का म्हणून. मला तेवढं नाही विचारलंस, डेल, दुखतंय का रे? त्या वर्षी एकानेही नाही विचारलं. सगळे फक्त म्हणायचे, कुठल्या क्लबात जाणार?"

मला इतकी लाज वाटली की मी उठून उगाच यंत्र पुसायला लागले. नको त्या चौकश्या करण्यात जन्म गेला माझा. आणि ज्या एका प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, तोच मी गिळला होता. आपला पोरगा प्रोमध्ये जावा असं मलाही वाटत होतं, बाकी काही नाही.

तेवढ्यात केलन आला. पाती न्यायला. डेलला बघून जागच्या जागी ताठ झाला, केसांवरून हात फिरवला, "नमस्कार सर" म्हणाला. डेल शहाणा माणूस. त्याने कप उचलला.

"मी बाहेर थांबतो."

"बस," मी म्हटलं. मग माझं मलाच कळलं की हे ठरवणारी मी नव्हे. "केलन, हा थांबला तर चालेल का तुला?"

केलनने माझ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. फडकं मी उलगडलं होतं. दोन्ही पाती शेजारी शेजारी, धार न लावलेली.

"थांबू दे," तो म्हणाला.

"दुखतंय का रे?" मी विचारलं.

एवढाच प्रश्न. त्याला खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर मी धार लावून दिली असती, देवाशपथ लावून दिली असती, आणि डेलने वर जाऊन खेळ बघितला असता. केलनने त्या पात्यांकडे पाहिलं.

"ख्रिसमसपासून," तो म्हणाला. "सकाळी मोजे घालता येत नाहीत मला. रूममेटला सांगतो की पाठ आखडलीये." आणि मग, जरा चिडूनच, "बुधवारपासून हा पाय मारताच येईना म्हणून पाती बदलायला लागलो, तेव्हाच कळलं ना तुला? मग शनिवार कशाला उजाडावा लागला? मी रोज पाती बदलायचो आणि रोज वाटायचं, आज आर्डिस विचारेल. काल खटका अडकला ना, तेव्हा मी जवळजवळ सुटलोच होतो. तरी तू काचेमागे उभी!"

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि पाव पुढे केला. त्याने घेतला नाही.

डेलने उजवं पातं उचललं, आतल्या कडेवरून नख फिरवलं. "खुबा?"

"हो."

"आतून टोचतं? खाली बसताना?"

"हो सर."

"ऑपरेशन कर. आत्ता केलंस तर सांधा वाचेल. मी थांबलो, माझा नाही वाचला." त्याने पातं खाली ठेवलं. "मी काय बघितलं ते क्लबाला लिहीन. पोरगा चांगला आहे, मैदान वाचतो, आणि त्याचा खुबा कापायला लागणार आहे. असंच लिहीन."

"मग ते दुसरा घेतील."

"बहुतेक घेतील," डेल म्हणाला. त्याने ते गोड करून सांगितलं नाही, आणि मला तो त्या क्षणी फार आवडला. "पुढच्या वर्षी तू चालता-पळता असलास तर मला फोन कर. मी उचलेन. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

केलनने मान हलवली. डोळे पुसले, बाहीने, लहान पोरासारखे. मग वर छताकडे बघितलं. वरून पायांचे आवाज येऊ लागले होते, लोक जमत होते.

"पप्पांना काय सांगू?" तो म्हणाला. "आख्खं खानदान आलंय आज. सगळ्यांनी सतरा नंबरचे शर्ट घातलेत. आजीनेसुद्धा. पप्पा म्हणतील, चार सामने राहिलेत, दात आवळ आणि खेळ. वाईट नाहीत ते, आर्डिस. त्यांना खरंच वाटतं की दात आवळले की सगळं होतं. ते स्वतः तसेच जगलेत."

"मी येते बरोबर," मी म्हटलं.

"तुझं ते ऐकतील?"

ऐकला नसता. वॉल्ट रुओनाने आजवर माझं एकच ऐकलंय, ते म्हणजे कॉफी गरम आहे.

"कुठे बसतात?" डेलने विचारलं.

"सगळ्यात वर. मधल्या जिन्याच्या टोकाला. तिथून सगळं दिसतं म्हणतात."

"किती पायऱ्या?"

"एकोणीस."

डेल उठला. टेबलाला धरून, आधी उजवा पाय, मग डावा. "तुम्ही दोघं खालीच थांबा," तो म्हणाला. "मी जातो."

"सर, त्यांना खाली बोलावू का? मी बोलावतो."

"नको."

खेळाडू बर्फावर जातात त्या बोगद्याच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो, मी आणि केलन. वॉल्ट वरूनच डेलला ओळखून उठला. गावचा माणूस, फोटोतला माणूस, आणि तो आपल्याकडे येतोय! त्याने टोपी काढून हवेत हलवली, बायकोला कोपर मारलं, आजीच्या कानात काहीतरी ओरडला. रांगेतले सगळे सतरा नंबर वळून बघायला लागले.

डेल चढत होता. कठडा धरायचा, उजवा पाय वर, मग डावा ओढून त्याच्या शेजारी. थांबायचं. पुन्हा उजवा. मागून आलेली दोन पोरं पॉपकॉर्न घेऊन त्याच्या बाजूने धावत गेली. सातव्या पायरीला त्याने कपाळ पुसलं. केलनने माझा हात आवळून धरला होता, मला ते नंतर बोटं दुखली तेव्हा कळलं.

वॉल्टचा हात खाली आला. टोपी तशीच हातात राहिली. मग तो माणसं ओलांडत, गुडघ्यांना धक्के देत, घाईघाईने खाली उतरायला लागला.

"वॉल्ट!" डेल खालूनच ओरडला. आख्ख्या रिंकला ऐकू गेलं. "आहेस तिथेच थांब. तू यायचं नाही. मी येतो, तू फक्त बघ."

वॉल्ट थांबला. डेलने कठडा बदलून धरला आणि उजवा पाय आठव्या पायरीवर ठेवला.