व्याह्यांनी सांगितलेलं माप

मच्छिंद्रनं उभी हयात दौंडात रेल्वेची नोकरी केली, पण पार्सल हापिसात. खोकी उचलून ठेवायची, चिठ्ठ्या डकवायच्या, झालं. घरातला साधा स्क्रू पिळायचा तरी शेजाऱ्याला हाक मारणारा गडी! पण पोरीची, गौतमीची, सोयरीक शिरूरच्या वर्कशॉपवाल्याकडं जमली तवा बैठकीत कुणीतरी बोललं, "पाव्हणं रेल्वेत मशिनीवर होतं म्हणं." मच्छिंद्रनं नुसती मिशी कुरवाळली. खरं सांगायला काय जीभ झडली होती? पण बसला गप.

तिथनं त्याची चैन सुरू झाली. शिरूरला गेला की व्याही हौशीराम आल्यागेल्याला सांगणार, "जय भीम घाला, ह्ये आमचं रेल्वेचं मेस्त्री." मच्छिंद्र फुगून टम्म. दौंडात त्याला कुत्रं विचारत न्हवतं आन् इथं दरबार भरायचा. हा मान गेला तर शिरूरच्या एसटीत पाय तरी कशाला ठेवायचा, असं त्याला अगदी मनापासनं वाटायचं.

आन् एक दिवस आलं सगळं अंगाशी. वर्कशॉपातल्या जुन्या ड्रिल मशिनीचा चक गेला. चक म्हंजी ड्रिल पकडणारा जबडा. तो झिजला होता, ड्रिल धरीना. नवा आणायचा तर तो ज्या निमुळत्या दांड्यावर चढतो, त्या दांड्याचा टेपर, म्हंजी निमुळतेपणाचं माप, कुठला ते कळाय हवं. त्यात अवघड काय न्हाई. जुना चक पाचर मारून उतरवायचा, दांडा पुसायचा, मापाचं व्हर्नियर लावून वरची जाडी, खालची जाडी आन् लांबी घ्यायची. वर्कशॉप आता गौतमीच बघायची. ती पाचर घेऊन उभी राहिली बी होती. हौशीरामनंच तिला अडवलं.

"थांब गं. रेल्वेचं मेस्त्री समोर बसल्यात आन् आपण मापं घेत बसायचं? शोभतं का आपल्याला?"

सगळ्यांची तोंडं मच्छिंद्रकडं वळली.  पठ्ठ्यानं एक डोळा मिटला, मान तिरकी केली आन् चककडं बघितलं, पोरगी बघायला आल्यागत. डोक्यात काय होतं? कवातरी पार्सलच्या एका खोक्यावर वाचलेला शब्द तेवढा होता. तोच दिला ठोकून.

"टेपर जेटी सहा. डोळं झाकून आणा."

डोळं झाकूनच आणला. दुसऱ्या दिवशी जुना उतरवून नवा चढवला, तर दांड्यावर घळघळीत! लहान पोराच्या डोक्यावर बापाची टोपी तशी गत. दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता, माप चुकलं. पण घरी आलेल्या व्याह्याला तोंडावर चुकला कसं म्हणायचं? हौशीरामनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, दांड्याला वेढा दिला आन् वरून चक ठोकून बसवला.

"बसला बघा! पाव्हण्यांचा शब्द कवा खाली पडतोय व्हय?"

 गौतमीनं भोक पाडायची गेटाची पट्टी मशिनीच्या टेबलावर ठेवली, एका हातानं ती चकखाली धरली आन् दुसरा हात बटणाकडं नेला. मग बापाकडं बघितलं.

मच्छिंद्रला मशिनीतलं कळत न्हवतं, कबूल. पण मशीन फिरली की पत्रा निसटणार आन् तो लोखंडी गोळा पोरीच्या हातावर येणार, एवढं तर आंधळ्याला बी दिसत होतं. बोल की रे भल्या माणसा! पण ह्या बाबाची नजर कुठं? दारात जमलेल्या शेजाऱ्यांवर. वाटलं, फिरंल की कसातरी. वाटलं, हौशीरामच काढंल काहीतरी तोंडातनं. मधेच चहाचा एक घोट बी घेतला, निर्लज्जानं.

बोट बटणाला टेकलं तवा कुठं त्यानं बोंब ठोकली.

"थांब, गौतमे! मला ह्यातलं ओ की ठो कळत न्हाई! मी पार्सल हापिसात होतो!"

 शेजारी एकमेकांकडं बघून गालातल्या गालात हसायला लागले. एकटा हौशीराम तेवढा अजून मान सांभाळत होता. "न्हाई म्हंजी, आणखी एक वेढा दिला असता तर बसला असता ओ," तो पुटपुटला.

गौतमीनं चक ओढला. हातानंच निघाला. तिनं पत्रा सोलून फेकला, दांडा पुसला आन् व्हर्नियर लावलं. "टेपर बी सोळा हाय," ती म्हणाली. मग बापाला म्हणाली, "तुम्ही पार्सल हापिसात होता ते मला काय ठाऊक न्हाई व्हय? मेन स्विच मी आधीच बंद केलता."

"मग माझी अशी शोभा कशाला केलीस गं?" मच्छिंद्र रडकुंडीला आला होता.

"माझ्या हातासाठी तुम्ही कवा तोंड उघडताय, ते बघत होते," गौतमी म्हणाली. "लई उशिरा उघडलंत, पप्पा."