मागच्या गाडीतला माणूस

गाडी शिकवणाऱ्या माणसाने डोकं शांत ठेवावं, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांनी एक दिवस माझ्या सीटवर बसून दाखवावं. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, डोळ्यांसमोर एक जादा आरसा असतो आणि त्या आरशात दिवसभर मागच्यांची थोबाडं दिसतात. गाडीवर पुढे-मागे वीतभर अक्षरांत ‘शिकाऊ’ लिहिलेलं असतं. ते वाचून माणसाने चार हात लांब राहावं की नाही? छे! ती पाटी दिसली की ह्यांच्या अंगात येतं. जसे काही आईच्या पोटातून स्टिअरिंग धरूनच बाहेर पडले सगळे.

कोणी दिवे मारतो, कोणी हॉर्नवर हात ठेवून विसरून जातो. आणि कोणी नुसताच चिकटतो, रांगेत मागे उभं राहून मानेवर श्वास सोडणाऱ्या माणसासारखा. त्याला कुठे पोचायचं असतं देव जाणे. बहुतेकदा पुढच्या सिग्नलला तो आमच्याच शेजारी उभा असतो, नाक खाजवत.

त्या सकाळी स्टिअरिंगवर माझी भावजय होती, धाकट्या भावाची बायको. अकरा वाजता तिची लायसन्सची परीक्षा होती आणि आम्ही तिकडेच निघालो होतो. भावाला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

भावाचं लाडाचं नाव छोटू. आता दारातून आत यायला त्याला आडवं व्हावं लागतं, पण नाव तेच राहिलं. माणूस वाईट नाही हो. शेजाऱ्याचा नळ गळत असेल तर जेवण टाकून धावेल. पण गाडीत बसला की कोण संचारतो कोणास ठाऊक. माझी एवढी शाळा असून तो माझ्याकडे शिकला नाही. ‘बहिणीकडे काय शिकायचं?’ म्हणाला आणि कुठल्याशा मित्राकडे शिकला. पुढच्या गाडीच्या बुडाला नाक लावल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही त्याला. मी शंभरदा बोलले असेन. शेवटी म्हटलं, ह्याला अंतर कळतच नाही, एखाद्याला सूर कळत नाही तसं. बोलणं सोडून दिलं.

पण भावजयीला सोडून देता येईना, कारण तिचे वडील. गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. ते ह्यांच्याच घरी असतात. शब्द हळूहळू परत येत होते, मिटलेला हात उघडायला लागला होता, कारण आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाला नेत होते. नेत होता छोटू. तक्रार न करता नेत होता, तेही खरं. पण कसा? म्हातारा माणूस शेजारी बसलेला, चांगल्या हाताने वरची कडी घट्ट धरलेली, आणि हा पुढच्या ट्रकला खेटून हॉर्न वाजवतोय. एक दिवस तो ट्रक अचानक थांबला. गाडी कशीबशी वाचली. बाबांचे कपडे मात्र ओले झाले. छोटू म्हणाला, “आजारपणात व्हायचंच असं.” आजारपणात!

त्या दिवसापासून बाबांनी गाडीत बसायचं नाव टाकलं. टॅक्सीलाही नाही म्हणाले. गाडी म्हटलं की मान हलवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. बोटं पुन्हा आत वळायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असेच आणखी दोन महिने गेले तर हात उघडायचा नाही. मग एका दुपारी बाबांनी लेकीला जवळ बोलावलं आणि बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाले, “तू... ने.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. ज्या बाईने उभ्या आयुष्यात सायकलसुद्धा धरली नव्हती, ती. परीक्षेची तारीख मिळाली ती ही. हुकली तर पुढची थेट तीन महिन्यांनी, म्हणजे मग उपयोगच नाही.

नेमका आदल्या दिवशी माझ्या गाडीचा क्लच गेला. म्हणून ओळखीच्या एका शाळेची निळी गाडी मागून आणली होती. छोटूने ती कधी पाहिलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या धंद्यात परीक्षेच्या गाडीला एक दिवा असतो. शिकवणाऱ्याने आपला ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर तो लाल होतो. परीक्षेत तो लागला की विद्यार्थी नापास, पुढे बोलणं नाही. मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगते, “हा दिवा लागला म्हणजे गाडी तुमची राहिली नाही.” भावजयीच्या पहिल्या आठवड्यात तो दिवा दिवाळीसारखा लागायचा. आता तिला विसर पडला होता त्याचा.

मोठा रस्ता लागला आणि एक जण मागे येऊन चिकटला. पांढरी, उंच गाडी, रस्त्यात दर दहातली एक असते तसली. इतकी जवळ की नंबरसुद्धा दिसेना, नुसती जाळी आणि दोन दिवे. काचेवर ऊन, त्यामुळे आतला महाभागही दिसेना. आमची गाडी नियमात होती. बाजूची लेन भरलेली होती, म्हणजे सरकायला जागा नाही.

“आला गं एक,” मी म्हटलं.

“बघितलं,” ती म्हणाली आणि पाय हलकेच सैल केला. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवलं. मी तसंच शिकवते. मागचा चिकटला की पुढे जास्त जागा ठेवायची, म्हणजे अचानक ब्रेक मारायची पाळीच येत नाही, आणि आपल्याबरोबर तो गाढवही वाचतो. पण त्या गाढवाला वाटतं, ही बाई मुद्दाम हळू चाललीय. पुढे मोकळी जागा दिसली की ह्यांचं पित्त खवळतं. तसंच झालं. दिवे मारले. मग हॉर्न सुरू झाला. दोनदा आखूड, एकदा लांब. पुन्हा दोनदा आखूड, एकदा लांब.

भावजयीची बोटं स्टिअरिंगवर आवळली. “ताई,” ती म्हणाली, “हे आहेत.”

“कोण हे?”

“आमचे. घरची बेल अशीच वाजवतात. दोनदा आखूड, एकदा लांब. माझे हात पिठात असले तरी तशीच धावते मी.”

मी आरशात बघितलं. तेवढ्यात उन्हाची तिरीप सरकली आणि दिसला. तोच. माझा भाऊ, कपाळाला आठ्या, तोंड चालू. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं आणि ते आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरंच तळपायातूनच निघाली, कारण पाय ब्रेकपाशी होता. मनात म्हटलं, बस. आज ह्याला दाखवतेच. एकदा कचकन थांबते, मग बसू दे नाक घासत. म्हाताऱ्या माणसाला भीतीने भिजायला लावतोस काय? वीस वर्षं मी लोकांना शिकवतेय की मागच्यावर सूड उगवायला ब्रेक मारायचा नसतो. त्या क्षणी ती वीस वर्षं कुठे गेली ते मला सांगता यायचं नाही.

दिवा लाल झाला. गाडीने गचका खाल्ला. मागे टायर किंचाळले, पांढरी गाडी वाकडी झाली, आणि थोडक्यात, अगदी थोडक्यात धडक टळली.

“ताई, पाय काढा.”

आवाज चढवला नव्हता तिने. मान सरळ समोर.

“अगं, त्याला जरा—”

“पाय काढा म्हणते ना. गाडी मी चालवतेय.”

मी पाय काढला. दिवा विझला. तिने गाडी पुन्हा लयीत आणली, आरसा बघितला, पुढचं अंतर पुन्हा तेवढंच केलं. कधी नव्हे ते शिकवताना मला कोणी झापलं होतं आणि झापणाऱ्याचं बरोबर होतं.

पुढे सिग्नल लाल होता. आम्ही थांबलो. मागे दार आपटल्याचा आवाज आला आणि आमच्या टपावर धाडकन थाप पडली.

“ए बाई! ब्रेक मारायची हौस आलीय का? येत नाही तर घरी बसा ना, भाजी चिरा! रस्ता काय तुमच्या—”

भावजयीने काच खाली केली.

छोटूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग वाकून माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“तू?” तो म्हणाला. “तू इथे काय करतेस?”

“गाडी चालवते,” ती म्हणाली.

“कधीपासून? मला सांगितलं नाहीस!”

“सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता.”

एरवी मी खो-खो हसले असते. पण तिचा आवाज ऐकून हसू आलं नाही. छोटूचा चेहरा मात्र एकदम मवाळ झाला. खिडकीवर हात ठेवून समजूत घातल्यासारखं बोलायला लागला.

“अगं, मला काय माहीत तू आहेस! मला वाटलं, असेल कोणीतरी. तू आहेस हे माहीत असतं तर मी असं केलं असतं का?”

झालं. मी उसळलेच. “म्हणजे दुसऱ्या कोणाची बायको असती तर चाललं असतं? कोणाची आई, कोणाची लेक असती तर? लाज वाटते का रे थोडी तरी?”

“ताई, तू मध्ये पडू नकोस. ब्रेक कोणी मारला? असा मारतात ब्रेक?”

“मी मारला! आणि चुकलं माझं! नीट मारायला हवा होता!”

“ताई, सिग्नल सुटेल आता,” भावजय म्हणाली. मग त्याच्याकडे न बघताच, “हात काढा. काच वर करायचीय.”

“तू सरक. मी चालवतो, ताई माझी गाडी घेऊन येईल. एवढ्या गर्दीत—”

“हात काढा.”

त्याने हात काढला. सिग्नल हिरवा झाला. तिने आरसा बघितला, गिअर टाकला, आणि गाडी अशी काही निघाली की माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही. मागे लोकांनी छोटूच्या नावाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, कारण तो अजून रस्त्यातच उभा होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

जरा वेळाने पांढरी गाडी पुन्हा आरशात आली. मी दात-ओठ खात बघत होते, आता चिकटतोय की नाही ते. पण नाही. लांबूनच येत होता. आम्ही हळू झालो की तोही हळू. मध्ये एक रिक्षा शिरली तरी हॉर्न नाही, काही नाही. पुढे भाजीची हातगाडी आडवी आली, भावजयीने वेग कमी केला. हा मागे तितकाच लांब, एकसारखा, पुस्तकात दाखवतात तसा. माझा एकही विद्यार्थी इतकं सुंदर अंतर ठेवत नाही.

तिने बघितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा डोळे भरून आले होते.

“थांबायचंय का?” मी विचारलं.

“नाही.” बाहीने डोळे पुसले. “येतं की त्यांना, ताई.”

सुराची उपमा देऊन मोकळी झाले होते ना मी!

परीक्षेत ती पास झाली. दिवा एकदाही लागला नाही. परीक्षक मागे बसले होते, त्यांनी उतरताना फक्त “ठीक” म्हटलं, आणि त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

छोटू फाटकाशी उभा होता. घामाघूम. एवढा मोठा माणूस, पण वर्गाबाहेर उभं केल्यासारखा दिसत होता. ती उतरून आली तसा पुढे झाला.

“झालीस ना पास? छान झालं. अगदी छान.” थोडा अडखळला. “हे बघ, बाबांना उद्यापासून मीच नेतो. तुला धावपळ नको. आता नीट नेईन, शपथ. मघाशी बघितलंस ना, कसा आलो मागून?”

“बघितलं,” ती म्हणाली.

“मग? सांग त्यांना तसं. म्हणावं, आता घाबरू नका, मी व्यवस्थित चालवतो.”

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. इतका वेळ तिने आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. पण माझ्या भावाने अर्धं पाऊल मागे घेतलं, ते मी बघितलं.

“बाबांना वाटतं, तुम्हाला येतच नाही,” ती म्हणाली. “म्हणून ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. त्यांना तसंच वाटू दे.”

मग तिने माझ्यापुढे हात केला आणि घरी जायला गाडीची किल्ली मागितली.