कमरेवरून उतरलेला छल्ला

मी भागूबाईच्या कमरेचा, चाव्यांचा चांदीचा छल्ला बोलतोय. कमरेचा म्हणायची सवय जात नाही बघा. सध्या मी हिंजवडीत एका फ्लॅटच्या ड्रॉवरात, चार्जरच्या वायरींमध्ये पडलोय. हे कसं झालं, ते अजून माझं मलाच खरं वाटत नाही.

माझा जन्म खेडच्या सोनाराकडचा. भागूबाईच्या सासूनं स्वतःचे तोडे मोडून मला घडवलं आणि सुनेच्या कमरेला खोचलं. "आजपासून घर तुझं," एवढंच ती बोलली. कागद नाही, सही नाही. पण त्या दिवसापासून भागूबाईला विचारल्याशिवाय त्या घरात मिठाचा खडा हलला नाही.

तेव्हा माझ्यात एकच चावी होती, धान्याच्या कोठीची. मग चाकणला कंपन्या आल्या. भागूबाईच्या नावावरच्या तुकड्यात तिच्या मालकानं, तात्याबानं, कामगारांसाठी खोल्या बांधल्या. जशी खोली वाढली तशी माझ्यात चावी वाढली. भागूबाई चालायला लागली की मी असा खुळखुळायचो, की शिफ्टवरून येऊन झोपलेली पोरं आतूनच ओरडायची, "आल्या आजी, नळ बंद कर रे!"

पण जमिनीनंच तात्याबाला पोळलंही होतं. शेजारचा तुकडा त्यानं साध्या कागदावर घेतला होता, तो कोर्टात टिकला नाही. मरेपर्यंत तो एकच बोलायचा, "कच्च्या कागदानं मारलं मला." तेव्हापासून आमच्या घरात 'पक्कं' हा शब्द देवासारखा झाला.

म्हणून भागूबाईचा लेक गोरक्ष तिला संत तुकाराम नगरला वकीलबाईंकडं घेऊन गेला. आपल्यामागं पोरांत भांडण नको, सगळं ट्रस्टमध्ये घालू, असं ठरलं. राखण गोरक्षनं करायची आणि मिळकत त्याच्या पोरांची, सुरज आणि तनुजाची. भागूबाईची लेक अनिता तळवड्याला सासरी सुखात होती. तिला द्यायचं ते लग्नात दिलं, असं म्हणून तिचा विषयच निघाला नाही. आमच्याकडं तो निघतच नाही.

वकीलबाई सायलीताई समजुतीनं सांगत होत्या. "आजी, ट्रस्ट दोन तऱ्हेचा करता येतो. एक मोडता येणारा. तुम्ही हयात आहात तोवर त्यात हवं ते बदला, नाहीतर सगळं परत घ्या. दुसरा न मोडता येणारा. एकदा दिलं की ते तुमचं राहत नाही."

"मोडणारं कशाला करायचं बाई? कच्चं नको. पक्कं कर."

"यात कच्चं-पक्कं असं नसतं, आजी. दोन्ही पक्केच. फक्त दुसऱ्यात मालकीण तुम्ही राहणार नाही."

भागूबाई हसली. तिनं मला कमरेवर खुळखुळवलं. "चाव्या माझ्याकडं हायत की!"

सायलीताईंनी परत विचारलं. गोरक्ष म्हणाला, "मॅडम, आईचं ठरलंय." अंगठा उमटला. खरं सांगतो, मीसुद्धा त्या दिवशी ऐटीत घरी आलो.

वर्षही सरलं नाही तोवर अनिता दारात उभी राहिली. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. अनिताच्या हातात एक पिशवी, गालावर वळ. भागूबाईनं तिला काही विचारलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीची चावी माझ्यातून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "ही खोली तुझ्या नावावर करते. परत कुणी तुला भाईर काढायचं न्हाई."

"आई," गोरक्ष हळूच म्हणाला, "तुला न्हाई करता येणार."

"का रं? खोली माझी हाय."

"आता न्हाई."

भागूबाईचा हात माझ्यावर आला तो तिथंच राहिला. इतकी वर्षं मी त्या हाताखाली होतो. त्या दिवशी त्यानं मला वाजवलं नाही.

सगळे वकीलबाईंकडं पळाले. गोरक्ष म्हणाला, "मग मी देतो ना बहिणीला!" सायलीताईंनी मान हलवली. "तुम्ही राखणदार आहात, मालक नाही. आता वाट एकच. सुरज-तनुजा दोघं सज्ञान आहेत. दोघांनी लेखी संमती दिली तरच हा ट्रस्ट मोडता येईल."

तनुजा तिथंच म्हणाली, "आण गं आजी कागद." सुरज रविवारी आला, कंपनीचं कार्ड गळ्यात तसंच.

"आत्यानं राहावं की, मी कुठं नको म्हणतोय? पण मोडायचं कशाला? पक्कं कर, तूच म्हणालीस ना?"

"आणि उद्या तुझी बायको म्हणाली ही कोण, तर?"

सुरज गळ्यातलं कार्ड फिरवत बसला. मग भागूबाईनं मला कमरेवरून उपसलं आणि त्याच्यापुढं धरलं. "घे मग. मालक हायस ना? घे!"

अहो, तो टोमणा होता! लहानपणी हेच पोर माझ्याशी खेळत झोपायचं. ते लाजेल, पाया पडेल, मला परत खोचेल, अशी तिची खात्री. माझीही.

त्यानं मला घेतलं.

चाव्या चाचपल्या. "कोपऱ्याची कुठंय?"

"ती अनिताच्या हातात हाय," भागूबाई म्हणाली. आवाज चढला नाही, रडलाही नाही. "तिच्या हातनं तूच काढून घे."

सुरजनं अनिताकडं पाहिलं. तिनं मूठ मिटली. तो मला घेऊन तसाच गाडीवर बसला.

तेव्हापासून मी इथं, त्याच्या फ्लॅटवर आहे. सुरज अधूनमधून ड्रॉवर उघडतो, माझ्यातली ती रिकामी जागा बघतो आणि बंद करतो. चावी मागायला अजून गेला नाही. संमतीच्या कागदावर सहीही केलेली नाही. तिकडं भागूबाई चालताना अजून कमरेवर हात ठेवते म्हणे. तिथं आता नुसतं लुगडं.

बायांनो, बाबांनो, वकील एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायला लागला, तर तेवढं थांबा. कमरेवरच्या चाव्या वाजवू नका. मी वाजलो होतो. माझ्या आवाजात भागूबाईला वकीलबाईंचं बोलणं ऐकू आलं नाही.