मलावीचं मिशन

मागायला तोंड लागतं, आणि शकुबाईच्या लेकीला ते नव्हतं. रेणुका तळेगावच्या एका दवाखान्यात बारा वर्षं नर्स होती. रक्त बघून कधी डगमगली नाही, दारू पिऊन दंगा घालणाऱ्या पेशंटला दंडाला धरून कॉटवर बसवायची. पण दुसऱ्याच्या उंबऱ्यात उभं राहून ‘मदत करा’ म्हणायची वेळ आली की हिची दातखीळ बसायची.

आणि वेळ तर तीच आली होती. पुण्यातल्या एका धम्म-मंडळाचं आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात, अनाथ मुलांचं वसतिगृह होतं आणि त्याला जोडून लहानसा दवाखाना. तिथं दोन वर्षांसाठी नर्स हवी होती. मंडळानं रेणुकाला पसंत केलं, पण पगाराला आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून सांगितलं. जाणारीनं आपल्याच माणसांतून पंचवीस जण उभे करायचे. प्रत्येकानं महिन्याला दोनशे रुपये, दोन वर्षं, आणि तसा फॉर्म भरून सही. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पंचवीस सह्या आल्या तर रेणुका जाणार, नाही तर नागपूरची एक मुलगी बॅग भरून बसलेलीच होती. या सगळ्या उद्योगाला ती मंडळी ‘मिशन’ म्हणत.

शकुबाईला हे मुळातच पटलं नव्हतं. आधी तर ती मालवण समजली होती, आणि मालवणलाही तिची तयारी नव्हतीच. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, लेक एकुलती एक, रोज संध्याकाळी लोकलनं कामशेतला उतरून, सहाआसनी रिक्षा धरून बेडशाला घरी परत येणारी. ती दोन वर्षं येणार नाही म्हणजे काय, हे शकुबाईनं डोक्यात शिरूच दिलं नव्हतं. पंचवीस सह्या काही मिळत नाहीत, या भरवशावर ती निवांत होती.

पण स्वभावाला औषध नसतं. शकुबाईला कुणाचं काम वाईट झालेलं बघवत नसे. पवना धरणाच्या कडेला तंबूवाल्याकडे ती शनिवारी-रविवारी पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायला जायची, तिथंही दुसरीची भाकरी वाकडी दिसली की हिसकावून घ्यायची. इथं तर लेक डोळ्यांदेखत ताकाला जाऊन भांडं लपवत होती. चार घरं फिरायची, चार घरचा चहा प्यायची, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर तपासून द्यायची आणि कोरे फॉर्म घेऊन परत यायची.

"मागितलंस का?" शकुबाई विचारायची.

"विषय निघाला नाही गं आई."

"इषय काय आपल्या पायानं चालत येतो व्हय? आन ती कागदं हिकडं!"

अशी ती कागदं शकुबाईच्या पिशवीत गेली, आणि पंधरा दिवसांत सव्वीस सह्या झाल्या. हो, सव्वीस. वस्तीतल्या जयभीमवाल्यांच्या तर झाल्याच, पण गावातल्या मराठ्यांच्या घरांतूनही झाल्या. शकुबाई दारात उभी राहायची आणि एका दमात सांगून टाकायची, "आमच्या रेणूचं मिशन हाय आफ्रिकेत, अनाथ पोरांसाटी. म्हैन्याला दोनशे, दोन वर्सं. कर सही." लोक मान डोलवायचे आणि सही करायचे. इतकी पटापट सही का करतात, असं तिसऱ्या घरात तिच्या मनात आलं होतं. पण देणारा देतोय तर चौकशा कशाला, म्हणून तिनं पुढचं दार गाठलं.

रविवारी सकाळी मंडळाचा प्रज्ञेश पुण्याहून आला. चांगला मुलगा, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड यावी. विहारात त्यानं सह्या करणाऱ्या सगळ्यांना बोलावलं होतं, आभार मानायला. वंदना झाली, त्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "आपल्या सर्वांच्या सहकार्यानं हे मिशन आता मलावीला पोचणार आहे." टाळ्या पडल्या.

शेजारची बयाबाई उठून उभी राहिली. "सायेब, येक इचारू? मिशन जानार कशानं? बोटीनं का इमानानं?"

"विमानानं, मावशी. तिकीट मंडळ काढेल."

"आन दोन वर्सांनी?"

"दोन वर्षांनी परत."

"म्हंजे वापरून परत आननार!" बयाबाईनं मागं वळून बायकांकडे विजयानं बघितलं. "मी म्हनले न्हवते? भाड्यानं न्हेत्यात."

प्रज्ञेश हसला, त्याला काही कळलं नव्हतं. मागून एकानं कंपनी कोणती ते विचारलं. दुसऱ्यानं गॅरंटी विचारली. बयाबाई म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ द्या. शिवायचं हाय का मळायचं, येवडं तरी सांगा. हप्ते भरायचेत आमाला."

आता आमच्या मावळात मशीनला मशीन कोण म्हणतं? शिलाईचं मिशन, पिठाचं मिशन, भात मळायचं मिशन. महिन्याला दोनशे आणि दोन वर्षं म्हटल्यावर तो हप्ता नाही तर दुसरं काय? गरीब पोरांसाठी रेणुका हप्त्यानं मिशन घेऊन धाडतेय, असं सव्वीसच्या सव्वीस लोकांनी समजून उमजून सह्या केल्या होत्या. निम्म्यांच्या मते ते शिलाईचं होतं, बाकीच्यांच्या मते भाताचं. एका म्हाताऱ्याची बिचाऱ्याची पैज लागली होती की ते एक्स-रे काढायचं आहे.

रेणुका लालबुंद झाली. घरी येऊन तिनं दार लोटलं. "आई, तू लोकांना नेमकं काय सांगितलंस?"

"मिशन सांगितलं. तूच शिकिवलंस."

"आणि मी जाणार आहे, हे?"

शकुबाई चुलीकडे वळली. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सव्वीस दारांत उभी राहिली, सव्वीस वेळा तोंड उघडलं, पण ‘माझी पोर चालली’ हे तीन शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. मिशन म्हटलं की काम भागत होतं.

मागोमाग आलेला प्रज्ञेश म्हणाला, "सह्या तर खऱ्या आहेत. राहू देत. नंतर समजावून सांगता येईल." रेणुकानं ते उडवूनच लावलं. तिला खोट्याचा पैसा नको होता. पंचशील रोज म्हणायचं आणि चौथ्या शीलाला जिन्यावरून ढकलून द्यायचं, हे तिला जमणार नव्हतं. प्रत्येकाला खरं सांगायचं, ज्याला नको त्यानं नाव खोडायचं. आणि तिला स्वतःला दोन दिवस ड्यूटी होती.

"म्हंजे मीच फिरू परत?" शकुबाई कडाडली. "पाय हायती का काय हायती माजे?"

"तूच सांगितलंस ना चुकीचं."

डोकं फिरायची पाळी! सव्वीस सह्या ही आणून देते आणि सव्वीस खोडायलाही हिनंच जायचं. शकुबाई पिशवी उचलून तरातरा बाहेर पडली. जाता जाता लेकीला, मंडळाला, मलावीला आणि मशिनी शोधून काढणाऱ्या माणसाला तिनं जी नावं ठेवली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

पहिलं घर बयाबाईचं. "आगं, त्ये मिशन न्हाई," शकुबाई म्हणाली.

"मंग काय हाय?"

"मिशन म्हंजे... मिशन म्हंजे आमची रेणू. तीच जानार हाय. दोन वर्सं. तितल्या पोरांची दवापानी कराया."

बयाबाईनं तोंडावर पदर घेतला. "आगं बया! येकटी पोर? मिशन धाडाया मी कवाबी तयार हाय. पोर धाडाया न्हाई जमायचं शके. मिशनला ताप येत न्हाई, मिशन आईची वाट बगत न्हाई." आणि तिनं नाव खोडलं.

असं घरोघर चाललं. एकाला वाटलं रेणुका किरिस्ताव झाली, त्याला बुद्ध तिथंही गेला आहे हे पटवण्यात अर्धा तास गेला. एकीनं सही ठेवली आणि वर जावेची सही मिळवून दिली. नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात जाणारी तीन पोरं मोटारसायकल थांबवून म्हणाली, "ताईनं आमच्या आज्याला रात रात जागून बघितलंय, मावशी. लिवा आमची नावं." एकीनं, जिला शकुबाई चांगली समजायची, ‘दोनशे काय झाडाला लागतात का’ म्हणून दार लावून घेतलं.

आणि प्रत्येक दारात तेच वाक्य. मिशन म्हंजे आमची रेणू. ती जानार. दोन वर्सं. पहिल्यांदा ते अडखळत आलं होतं. दहाव्या घरी सरळ निघालं. पंधराव्या घरी बोलता बोलता शकुबाईला रेणुकाची रिकामी खाट दिसली, आणि ती अर्ध्या वाक्यात थांबली. घरमालकिणीनं पाणी आणून दिलं.

सोमवारी दिवस कलताना तिनं हिशेब केला. आठ जणांनी नावं खोडली होती, नवी पाच मिळाली होती. तेवीस. दोन कमी.

दोन कमी! शकुबाई बांधावर बसली. आता नुसतं घरी जायचं. म्हणायचं, लय फिरले बाई, नाही जमलं. कुणी बोट दाखवलं नसतं. मंगळवारी संध्याकाळ होईल, नागपूरची पोरगी जाईल, आणि बुधवारी रेणू सहाआसनीतून उतरेल. शकुबाईला हे इतकं हवं होतं की तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून परत राग आला, आणि रागाच्या भरात ती उठून बजरंगआबाच्या वाड्यावर गेली.

बजरंगआबा गावातला मोठा शेतकरी. त्याच्या खाचरांत शकुबाईनं तीस पावसाळे भाताची आवणी केली होती, म्हणूनच पंधरा दिवसांत ती त्याच्या दारी फिरकली नव्हती. ज्याच्याकडे मजुरी केली त्याच्याकडून हक्काचा रोज घ्यावा, त्याच्यापुढं पदर पसरू नये, असं तिचं मत होतं. पण आता राहिलेलं घर तेवढंच.

आबा ओट्यावर बसला होता. तिनं सगळं सांगितलं, मिशनच्या घोटाळ्यासकट. आबा पोट धरून हसला. मग त्यानं चष्मा लावला आणि यादी हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"तेवीस व्हय? माजी चोविसावी. तरी येक कमीच."

"बगते आबा, आनखी कोन गावलं तर."

आबानं परत वरपासून बोट फिरवलं. "शकू, ह्यात तुजं नाव कुटाय?"

"माजं?"

"सगळ्या गावाचं नाव हाय. जिनं पोर जन्माला घातली तिचं न्हाई. आईनं पोर धाडली न्हाई, तर आमी कोन धाडनारे? तू आदी कर. मग मी करतो."

शकुबाईला असा संताप आला की तिनं पिशवी ओट्यावर आपटली. गावभर फिरली ती. उन्हातून फिरली, दारं लावून घेतली तिच्यावर. आणखी काय पाहिजे होतं या लोकांना? "फिरते कोन मग?" ती ओरडली. "गेले पंधरा दिस फिरते कोन? मी न्हाई म्हनले का कदी?"

"व्हय बी म्हनली न्हाईस," आबा शांतपणे म्हणाला आणि पेन पुढं केलं.

तिनं पेन घेतलं. नवऱ्यानं शिकवलेली तिची सही मोठी, शाळेतल्या पोरासारखी, अक्षर अक्षर सुटं. ‘श’ काढताना तिनं पेन इतकं दाबलं की कागद फाटायला आला. चोविसावी. मग आबानं तिच्याखाली आपली केली. पंचविसावी. त्याचे आभार न मानताच ती निघाली, आणि आबालाही त्याचं काही वाटलं नाही.

घरी रेणुका नुकतीच आली होती, दवाखान्याचे पांढरे बूट पायात तसेच. शकुबाईनं कागद तिच्या पुढ्यात टाकले. "घे. एकाबी सहीत खोटं न्हाई आता. प्रज्ञेशला फोन लाव."

रेणुकानं एकेक फॉर्म उलटला. शेवटून दुसऱ्यावर तिचा हात थांबला. ती मोठी, सुटी अक्षरं बघून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, थेट फॉर्मवर.

शकुबाईनं कागद तिच्या हातातून ओढला आणि पदरानं टिपला. "भिजीव, भिजीव! परत फिरनार न्हाई मी. रडायचं काम माजं हाय. तू सह्या मोज."