तीस खिळे

बाहेर जाताना घराची किल्ली माझ्या शिलाईच्या दुकानात ठेवायची, ही आमच्या गल्लीची पद्धत. भिंतीवर तीस खिळे, तीस घरं. कोण कुठली भाषा बोलतं, कोण कुणाला पुजतं, खिळ्याला काय त्याचं!

मग भाडी वाढली. आधी बेकरीवाला गेला, मग नर्सबाई. "किल्ली राहिलीये गं," म्हणून फोन केला, तर नर्सबाई म्हणाली, "राहू दे मावशी. मालकाने कुलूपच बदललंय."

नवीन लोक आले. त्यांच्या दारांना किल्ल्याच नाहीत, नंबर दाबायचे. समोरून गेलं तरी ओळख दाखवतील तर शपथ!

एकेक खिळा कायमचा भरत गेला. "फेकून दे ते भंगार," नवरा म्हणायचा. "तुमचं काय खातंय ते?" मी फटकारायचे.

आज घरी जेवून दुकानावर परतले, तर माझीच किल्ली कुलपात फिरेना. फुंकर मारली, शिव्या घातल्या. मग नीट पाहिलं. कुलूप नवंकोरं होतं.

ही एकतिसावी किल्ली टांगायला सवयीने हात वर गेला. पण खिळे सगळे आत होते.