नाव न घेता केलेली प्रार्थना

वेंडेल टोर्गसननं नाव घेतलं नव्हतं. त्याच्या बाजूनं बोलायला एवढंच आहे, आणि तेही फार लंगडं आहे.

झालं असं, की गावात गॅरेज चालवणारा लाइल हौगेन एका गुरुवारी भरदुपारी वेंडेलच्या कचेरीत आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि म्हणाला, "मृत्युपत्र करायचंय. कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर ऑक्टोबरपर्यंत."

दोघं पहिलीपासून एका वर्गातले. वेंडेलनं आधी बायकोचं विचारलं, "ॲर्डिसला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? जूनमध्ये कारीचं लग्न आहे. आत्ता सांगितलं तर ही लग्नबिग्न गुंडाळून माझ्या उशाशी येऊन बसेल. पोरीला नाचू दे सुखानं. मग बायकोला मी सांगीन, माझ्या तोंडानं. तोवर हे तुझ्यापाशी."

"वकील आहे मी, लाइल. अशिलाचा शब्द या भिंतींच्या बाहेर जात नाही."

"म्हणून तर आलो. नाहीतर तुझं थोबाड बघायला कोण येतंय?"

लाइल हसला. वेंडेललाही हसावं लागलं.

पण त्या दिवसापासून वेंडेलच्या घशाखाली घास उतरेना. बायको जाऊन वर्षं झालेली, घरात बोलायला मांजरसुद्धा नाही. असं गुपित पोटात घेऊन माणसानं बसायचं तरी कुठे? तो रविवारी चर्चमध्ये जाऊन बसला. हौगेन नवराबायको त्या दिवशी लेकीच्या लग्नाचे कपडे आणायला फार्गो शहरात गेलेली होती. पास्टर मिरियमनं नेहमीसारखं विचारलं, "आणखी कुणासाठी प्रार्थना करायची का?" कुणी मेव्हण्याच्या गुडघ्यासाठी मागितली, कुणी नातवाच्या परीक्षेसाठी. आणि मग हा शहाणा उभा राहिला!

"आपल्यातल्याच एकासाठी," तो म्हणाला. "त्याचे दिवस थोडे उरलेत, आणि बिचाऱ्याला ते बायकोलाही सांगता येत नाही. नाव मी घेणार नाही."

आवाज कापरा झाला. बायका पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या. आता खरं ते बोलायलाच हवं. त्या कापऱ्या आवाजात थोडी ऐटही होती, मला ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही, अशी. खाली बसल्यावर वेंडेलला कितीतरी हलकं वाटलं. मी देवाला सांगितलं, माणसांना नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. अरे बाबा, पण पुढच्या-मागच्या बाकांवरची माणसं काय बहिरी होती?

प्रार्थना संपून तळघरात कॉफी ओतली जाईपर्यंत बायकांनी माणूस शोधून काढला होता.

संध्याकाळी हौगेन मंडळी घरी परतली, तर दारापुढच्या ओट्यावर शेजारची डोरीन उभी. हातात खिमा-बटाट्याचं हॉटडिश, अजून वाफाळणारं. या गावात दुखणं किंवा मरण आलं की त्या घरी सगळ्यात आधी तेच पोचतं. ॲर्डिस गाडीतून उतरता उतरता हसली, "हे काय गं, आमच्याकडे कुणी मेलंय की काय?" तशी डोरीन हुंदके द्यायला लागली.

सोमवारी सकाळी लाइल पुन्हा कचेरीत आला. डोळे सुजलेले.

"दवाखान्यातल्या त्या पोरीनं तोंड उघडलं बघ," तो म्हणाला. "बाहेरच्या टेबलाशी नावं लिहून घेते ती, जोलीन. डोरीन काही बोलायला तयार नाही, पण दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आत्ता तिथे जाऊन तिची नोकरीच घालवतो. तक्रारीचा कागद कसा लिहायचा ते सांग. ॲर्डिस रात्रभर माझ्याशी बोलली नाही रे. म्हणाली, सगळ्या गावाला सांगितलंस आणि मला नाही."

वेंडेलनं कॉफी ओतली. ती सांडली. गप्प बसावं, एवढंच त्याच्या मनात आलं. पोरगी तरुण आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल. हा विचार मनात आला याचीच त्याला इतकी शरम वाटली, की तोंडून निघून गेलं, "जोलीन नाही. मी."

मग त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "पण लाइल, देवाशपथ, मी नाव घेतलं नव्हतं."

"गाढवा," लाइल हळूच म्हणाला, "गुरुवारी तासभर माझा गाड्या ओढायचा टो-ट्रक तुझ्या दारात उभा होता. त्यावर माझं नाव हातहातभर अक्षरांत रंगवलंय. तू कशाला घ्यायला हवंस?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाइल टोपी फिरवत बसून राहिला.

"आणखी एक सांगायचं होतं तुला," तो म्हणाला. "फार जुनं. मृत्युपत्रात घालावं की नाही, ते तुला विचारणार होतो. आता राहू दे."

"मायनॉटमध्ये एक चांगल्या वकीलबाई आहेत. मी फोन करतो."

"परक्या बाईला सांगू? ते तुलाच सांगायचं होतं रे." आणि तो उठून गेला.

लग्न झालं. लाइल खुर्चीत बसून लेकीचा नाच बघत होता. ऑगस्टमध्ये तो गेला.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात पुन्हा तीच कॉफी, तीच हॉटडिशं. वेंडेल एका कोपऱ्यात भरली बशी धरून उभा होता, घास काही उचलवत नव्हता. ॲर्डिस सरळ त्याच्यापाशी आली.

"शेवटी शेवटी सारखं म्हणायचा, वेंडेलला सांगायचं, वेंडेलला सांगायचं. मी विचारलं की भिंतीकडे तोंड करायचा. काय होतं ते?"

"मला नाही माहीत, ॲर्डिस."

"अशिलाचं गुपित, होय?"

"नाही गं. त्यानं मला सांगितलंच नाही. माझ्यामुळेच नाही सांगितलं."

ॲर्डिसला ते पटलं नाही.

"त्या रविवारी अख्ख्या चर्चला सांगितलंस," ती म्हणाली. "आता मला एकटीला सांग."

वेंडेलनं नकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होता?

"बरं आज कुलूप लागलं तुझ्या तोंडाला!" ॲर्डिस म्हणाली, आणि पाठ फिरवून लेकीकडे निघून गेली.